गोळी दंडालाच लागते

भोईरकाका टीव्हीकडे पाठ करून सिनेमा बघतात. आजही. टीव्ही मागे, तोंड आमच्याकडे, हात पाठीमागे आणि एका हातात टॉर्च. मध्येच कोणी आलं की त्याच्या पायाशी उजेड टाकून त्याला जागेवर नेऊन बसवणार. खोली दहा बाय बाराची, दिवाही चालू असतो. पण टॉर्चशिवाय बसायचं नाही. कोणी पाय पसरले की आवाज येतो, "ए, पाय खाली! घरी बसलायस काय?" आणि तो माणूस खरोखर घरीच बसलेला असतो.

काका कल्याण स्टेशनबाहेरच्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं डोअरकीपर होते. तिकीट फाडायचं, माणूस जागेवर बसवायचा आणि मग दाराशी उभं राहून पडदा नाही, पब्लिक बघायचं. कोण बिडी पेटवतोय, कोण खुर्ची कापतोय. टॉकीज पाडली, तिथे मोबाईलची दुकानं झाली, पण काका काही वळले नाहीत.

हे सगळं मला इतकं पाठ आहे, कारण आमच्या घरी टीव्ही नव्हता. टीव्ही सोडा, ट्यूबलाईटही नव्हती. वडील मार्केटात पोती उचलायचे, आई तिथेच एका व्यापाऱ्याकडे धान्य निवडायला जायची. बाजरी संपली की त्या दिवशी भाताची पेज, आणि पेज संपली की झोप. घरात छापील कागद दोनच, रेशनकार्ड आणि वाण्याने दिलेलं कॅलेंडर. सही कोणालाच येत नव्हती, दोघांचेही अंगठे. अभ्यास मी चाळीतच शेजारी राहणाऱ्या भोईरकाकांच्या दारात बसून करायचे आणि रविवारचा सिनेमा त्यांच्या जमिनीवर बसून बघायचे.

त्या घरात एकच जुलूम होता. सिनेमाची शेवटची दहा मिनिटं राहिली की काका टॉर्च खिशात घालून बाहेर गॅलरीत जायचे आणि काकी उठून टीव्ही बंद करायची. आम्ही पोरं बोंबलायचो. काकी म्हणायची, "कशाला बोंबलताव? काका येतीन ना सांगायला."

काका यायचे आणि शेवट सांगायचे. त्यांच्या शेवटात कधी कोणी मेलं नाही. गोळी सुटायची, पण ती दंडालाच लागायची. दरीत पडलेला माणूस झाडात अडकायचा. हिरोइनीचा आजार निघायचा दुसऱ्याच बाईचा, आणि ती दुसरी बाईसुद्धा पुढे बरी व्हायची. अकरावीत असताना एका सिनेमाचा हिरो जिवंत राहतो म्हणून मी सबंध वर्गाशी भांडलेले. वर्गाने सिनेमा पूर्ण बघितलेला होता. मी भोईरकाकांकडे बघितलेला.

पुढे मी बी.ए. झाले. मराठी घेऊन, सेकंड क्लास. सांगायला मला लाज वाटत नाही, आमच्या सात पिढ्यांत फर्स्ट क्लास तोच आहे. निकालाच्या दिवशी दुपारी दोन वाजता, टळटळीत उन्हात, काकांनी चाळीच्या दारापासून आमच्या खोलीपर्यंत मला टॉर्च दाखवत आणलं. "बाजूला व्हा, बी.ए. येतेय." तेव्हापासून माझं नाव बी.ए. पडलं ते पडलंच.

दुसऱ्या दिवशी काकी पाटी घेऊन दारात उभी. "पोरी, मना पन शिकव." काकी खडवलीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न बघितलेली. दोन वर्षं मी तिला शिकवलं. त्यानंतर तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा झाली. बोट दाखवून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. "ये-थे द-ल-न द-लू-न मि-ले-ल." लिहिलेलं असायचं मिळेल, पण काकीच्या गावाला ळ लागत नाही.

मी डोंबिवलीत एका छापखान्यात लागले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका, सगळं मीच कॉम्प्युटरवर जुळवते आणि तपासते. एक दिवस काका सात फुलस्केप वह्या घेऊन तिथे हजर.

"बी.ए., पुस्तक काढायचंय."

"कसलं?"

"डायलॉगचं. आपला तो आई-पोराचा सिनेमा नाय का, टॉकीजवरून उतरतच नव्हता. अख्खा मराठीत केलाय."

"कोण वाचणार काका?"

"तुझी काकी. कल्याणातल्या पाट्या संपल्या तिच्या."

मी वह्या उघडल्या. पहिल्या सीनपासून संवाद, आणि संवादांच्या मध्ये कंसात काकांचा पहारा. (इथे स्टॉलमधून शिट्ट्या. बाल्कनी गप्प, पण बाल्कनी नेहमीच गप्प.) (इथे बायका पदर शोधतात.) (इथे समोसेवाला येतो, त्यामुळे वकील काय म्हणतो ते कधीच ऐकू आलं नाही.)

आता मी पडले बी.ए. मला वाटलं, मराठी सुधारून द्यावं. एका ठिकाणी हिरो शेठला म्हणतो, "दार तुझं असंल शेठ, उंबरठा माझ्या बापानं घडवलाय." मी लाल पेन काढलं आणि केलं, "शेठजी, दार आपल्या मालकीचे असले, तरी उंबरठा माझ्या वडिलांनी घडविलेला आहे."

काकांनी वाचलं. "ही महापालिकेची नोटीस वाटते."

"शुद्ध आहे काका."

"शुद्ध असंल. शिट्टी येईल का?"

मला हात धरून त्यांनी रिक्षा स्टँडवर नेलं. रांगेत सहा-सात रिक्षावाले. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात माझं वाक्य म्हणाले. सगळे गप्प. एकाने विचारलं, "काका, याचा फॉर्म कुठे भरायचा?" मग काकांनी त्यांचं वाक्य म्हटलं. तिसऱ्या रिक्षेतून अशी शिट्टी आली की ट्रॅफिक हवालदार वळून बघायला लागला.

माझी बी.ए. रिक्षा स्टँडवर नापास झाली. लाल पेन मी पर्समध्ये टाकलं आणि वह्या जशाच्या तशा जुळवल्या. पण एक गोष्ट मी सोडली नाही. "काका, डायलॉग दुसऱ्याचे आहेत. परवानगीशिवाय मी छापणार नाही."

"विनातिकीट कोणाला सोडलंय मी आत?" काका उलट माझ्यावरच चिडले. पंधरा दिवस चौकशा करून त्यांनी निर्मात्याचा नातू शोधून काढला. तो घोडबंदर रोडला एका टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर राहत होता.

आम्ही दोघं गेलो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने आमचे फोटो काढले, वर फोन लावला, वहीत नावं लिहून घेतली. काका हे सगळं परीक्षकासारखं बघत होते. आत शिरल्यावर म्हणाले, "पोरगा चांगलाय. पण पब्लिकच्या डोळ्यात बघत नाय."

नातू तिशीतला, कंपनीत नोकरीला, ठाण्यातच शिकलेला, त्यामुळे मराठी फर्डं. आजोबांचा सिनेमा त्याने मोबाईलवर बघितला होता. काकांना तो म्हणाला, "थोडं म्हणून दाखवा ना अंकल." काका उठले, त्याच्याकडे पाठ केली, फ्लॅटच्या दाराकडे तोंड केलं आणि पाऊण तास अडखळल्याशिवाय संवाद म्हणत राहिले. नातवाचा चहा गार झाला. त्याने डोळे पुसले तेव्हा मला वाटलं, काम झालं.

मग त्याने मी नेलेली कच्ची प्रत चाळली. शेवटच्या पानावर थांबला.

"अंकल, हे काय? गोळी दंडाला? हिरो तर मरतो. आईच्या मांडीवर."

काका दाराकडे बघायला लागले.

"दादाजी या शेवटासाठी सगळ्यांशी भांडलेले. सगळे म्हणत होते, हिरोला वाचवा. ते ऐकले नाहीत. मी परवानगी देतो, खुशीने देतो, एक रुपया नको. पण शेवट त्यांचाच पाहिजे."

तो चुकीचं बोलत नव्हता. शेवटचा सीन त्याने माझ्या मोबाईलवर पाठवलासुद्धा.

परत येताना बस घोडबंदर रोडलाच अडकली ती अडकलीच. काका खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "राहू दे बी.ए. नको पुस्तक."

"काका, तुम्हाला खरंच शेवट माहीत नव्हता?"

"बघितला नाय कधी. शेवटचं रीळ लागलं की मी बाहेर. फाटक उघडायचं, पुढच्या शोची गर्दी अडवायची. एकतीस वर्षांत एका सिनेमाचा शेवट बघितला नाय. पण बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघितली की कळतं. हिरो मेला की बायका पदर लावून येतात आणि पुरुष उगाच बिडी पेटवतात. मला सगळ्या सिनेमांचे शेवट ठाव आहेत."

"मग दंडाला का?"

बस चार फूट पुढे सरकली आणि पुन्हा थांबली.

"आमचा पहिला पोरगा चार महिन्यांचा होऊन गेला. त्याच साली हा सिनेमा लागलेला. काकी तुझी बोलायचीच बंद झालेली. जेवायला वाढायची, भांडी घासायची, पण शब्द नाय. मला काय सुचणार? मी घरी येऊन तिला सिनेमा सांगायला लागलो. रोज एक सीन. हिंदी तिला येत नव्हतं, म्हणून तिच्या बोलीत. ती भिंतीकडे बघत बसायची. बाराव्या दिवशी मी म्हटलं, आणि शेठनं गोळी झाडली. तर ती वळली आणि म्हणाली, पोरगा वाचला का?" काकांनी खिशातली टॉर्च चाचपली. "तू काय सांगितलं असतंस?"

त्या बाईला वाचायला मीच शिकवलेलं, आणि आता तो शेवट तिच्या हातात मीच छापून देणार होते.

पण सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. सोडलं असतं तर मी आज धान्यच निवडत असते. दोन दिवसांनी काका दूध आणायला गेलेले बघून मी काकीकडे गेले. ती चवळीच्या शेंगा मोडत होती. बसमधलं मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "काकी, पुस्तक अडलंय. सिनेमावाले म्हणतात, शेवट बदला."

"मग बदल. खरा घाल."

"खरा म्हणजे?"

"पोरगा मरतो तो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी तवाच बघलाय पोरी. मना वाटला, हा मानूस मना फसवतो का काय. शेजारनीसंगं गेले, मॅटिनीला. पदर तोंडावर घेतलेला. आत शिरताना घेतलेला आन् बाहेर येताना पन. हे फाटकाशी सगल्यांची तोंडा बघत हुबे. माझा तोंड काय दिसला नाय त्यांना."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

काकी शेंगा मोडत राहिली. "त्यांना वाटत होता मी हसावा, म्हनून तसा सांगत होते. मंग हसले. आन् हसता हसता खराच हसायला यायला लागला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू छाप. त्यांना मी सांगन काय ते."

तिने त्यांना एवढंच सांगितलं की छापा. मोबाईलवरचा सीन बघून शेवट मीच मराठीत उतरवला. काका आठ दिवस भरल्या ताटावरून उठवल्यासारखे वागत होते. प्रुफं बघायलाही आले नाहीत.

पुस्तक आलं त्या रविवारी मी पहिली प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. काकीने चष्मा लावला, बोट ओळीखाली ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली. काका नेहमीच्या जागी उभे, तिच्याकडे पाठ, दाराकडे तोंड. शिट्टीच्या जागी मी शिट्टी मारून दिली, कारण कंसात लिहिलेलं होतं. समोसेवाल्याच्या जागी काकी इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. असे चार रविवार गेले.

पाचव्या रविवारी शेवटची पानं उरली. काकांनी टॉर्च खिशात टाकली आणि ते गॅलरीकडे निघाले.

"कुठं चाल्लाव?" काकी पानावरून नजर न उचलता म्हणाली. "आज फाटक नाय उघडायचा. ऐका."

काका दारात थांबले. काकी एकेक शब्द लावत वाचत गेली. गोळी छातीला लागली. आईने मांडी दिली. पोराने जे म्हणायचं ते म्हटलं. काकीने पुस्तक मिटलं.

काका वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेवटाकडे तोंड केलं. त्यांनी काकीचा चेहरा नीट बघितला, बाहेर येणाऱ्या पब्लिकचा बघायचे तसा. तिचा पदर खांद्यावरच होता.

"तुला ठाव होतं?"

"तवाच बघलेला. मॅटिनीला."

काकांनी खिशातली टॉर्च बाहेर काढली. मग त्यांच्यातला डोअरकीपर जागा झाला.

"तिकीट काढलेलंस?"

"काढलेला," काकी म्हणाली. "तुमीच फाडलाव."

पुस्तकाच्या दोनशे प्रती निघाल्या. सगळ्यांत खरा शेवट आहे. पण त्यातली एकही काकांनी लोकांच्या हातात तशीच जाऊ दिली नाही. तीन दिवस छापखान्यात माझ्या टेबलाशी बसून, दोन बॉलपेनं संपवून, प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने कंसात लिहिलं: (इथे बाहेर येणाऱ्या बायकांत एक आमची होती.)

एक प्रत आमच्या घरी आहे. रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे. माझ्या आईला काकीने त्यातून वाचायला शिकवलं, आणि आई आता सही करते.