एका पायावर वानखेडेताई

वानखेडेताई जर्मन वाक्य एका पायावर उभ्या राहून वाचतात, तेही मोठ्यानं. पूर्णविरामापर्यंत तोल टिकला तर वाक्य पास. आधीच दुसरा पाय खाली आला, तर "टेकला नं," म्हणून कागद माझ्याकडे परत. जर्मनमध्ये क्रियापद बरेचदा शेवटी येतं, त्यामुळे आमच्या ऑफिसातली बहुतेक वाक्यं नापासच होतात.

ऑफिस म्हणजे श्टुटगार्टजवळच्या एका मोठ्या बागेचं. मी पुण्याची, तेव्हा वेबसाइट सांभाळायला नुकतीच लागलेली आणि प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे कधीही हातात नारळ मिळेल अशा अवस्थेत. ताई नागपूरच्या. माझ्यासमोर बसून त्या बागेत येणाऱ्यांचे फोन घेतात. माझ्या कामात नाक खुपसायचा अधिकार त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी तो आपणहून घेतला, त्यांचं भलं होवो.

देशात गांजाला परवानगी मिळाली, तरी आमच्या बागेनं तो आत बंदच ठेवला. लोकांना हे समजावणारं पान हे माझं पहिलं मोठं काम. बोट दुखेपर्यंत खाली सरकवावं लागेल असं लांबलचक पान मी लिहून नेलं. ताईंनी पहिल्याच वाक्यात पाय टेकला. मग विचारलं, हे वाचणार कोण? मी म्हटलं, गांजा ओढणारा. ताईंनी त्यांच्या लाडक्या जर्मन 'आल्झो'नं, म्हणजे 'तर मग'नं, सुरुवात केली.

"आल्झो, तो कशाला वाचतो? तो ओढून राहिला. वाचतो तो गांजलेला. लेकरं घेऊन आलेली आई, कोणाला विचारावं ते न कळणारा माणूस. त्याच्यासाठी लिही."

नवा मसुदा घेऊन त्या मला जेवणाच्या सुट्टीत बागेत घेऊन गेल्या. गुलाबांपाशी एका पायावर उभं राहून गांजाविषयी खणखणीत वाचन सुरू झालं. एक आजोबा योगवर्ग समजून शेजारी एका पायावर उभे राहिले. एका तरुणाला वाटलं आम्ही विकतोय. त्यानं फार अदबीनं भाव विचारला. ताईंनी त्यालाच बाकावर बसवून पान वाचायला लावलं. त्यानं दोन अवघड शब्द सोपे करून दिले, ते आजही पानावर आहेत.

आमच्या साहेबीणबाई, फ्राउ केलर, यांना पान आवडलं. फक्त ताईंनी घालायला लावलेली शेवटची ओळ त्यांना काढायची होती: 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध म्हणून घेत असाल, तर फोन करा, आम्ही शांत जागा दाखवू.' लोक गैरफायदा घेतील, असं त्यांचं म्हणणं. मला नोकरी प्यारी. मी मुकाट्यानं मान डोलावली.

ताई मात्र हळू आवाजात जर्मनमध्ये बोलू लागल्या.

"शेवटच्या वर्षी माझ्या नवऱ्याला दुखण्यावर हेच औषध होतं. ही बाग त्याला फार आवडायची. इथे घेतलेलं चालेल का, हे विचारायची आम्हाला लाज वाटली. म्हणून आम्ही आलोच नाही."

फ्राउ केलर यांनी पान तसंच मंजूर केलं. ओळ राहिली.

पुढे माझी नोकरी पक्की झाली ती त्या पानामुळे, आणि पान झालं ते ताईंमुळे. हे उपकार मी कुणालाही, न विचारता सांगते.

परवा एका माणसाचा फोन आला. बायकोसाठी विचारत होता, बिचकत, दर वाक्याला माफी मागत. ताई म्हणाल्या, घेऊन या त्यांना, मी फाटकाशी उभी राहते. आणि उघडलेला डबा तसाच टाकून त्या निघाल्या.