दस्त्याला भोक न पाडता

"पट्टा लावायचाय, पण भोक पाडायचं नाही," असं म्हणत अ‍ॅलिस्टर मॅक्रॉस्टीने रिकामी दुनळी बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली. नोला, त्याची बायको, बटाटे सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

बंदूक नोलाच्या आईकडच्या आजोबांची. ते गेल्यावर ती अ‍ॅलिस्टरच्या सासूबाईंकडे, एफींकडे आली आणि त्यांनी ती धाकट्या जावयाला एका अटीवर दिली. अक्रोडाच्या दस्त्याला टाचणीएवढं जरी भोक पडलं, तर बंदूक इन्व्हरकार्गिल शहरातल्या थोरल्या जावयाकडे जाणार. थोरला जावई बदकांना घाबरायचा. तरीही जाणार.

शनिवारी बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडत होता. तळ्यापर्यंत दोन कुरणं आणि चार तारेची कुंपणं. अ‍ॅलिस्टरच्या एका हातात, खऱ्या बदकांना भुलवायला तळ्यात सोडायच्या खोट्या बदकांचं पोतं असायचं आणि दुसऱ्या काखेत म्हातारी कुत्री, कारण तिचे गुडघे धरले होते.

"बंदूक काय दातांत धरू?"

"कुत्रीला घरी ठेव की."

"तिचं मन मोडेल गं!"

गावातल्या खोगीरवाल्याने तोडगा सांगितला. चामड्याची पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, दस्त्याभोवती गुंडाळून वादीने आवळायची आणि सावलीत वाळवायची. वाळताना ती आपोआप घट्ट बसते. तिला पट्ट्याचं एक टोक बांधायचं, दुसरं नळ्यांभोवतीच्या फासात. खिळा नाही, भोक नाही.

सावलीत वाळायला चार दिवस लागणार होते आणि हाताशी दोनच होते. म्हणून अ‍ॅलिस्टरने बंदूक शेगडीजवळ ठेवली. गुरुवारी दुपारपर्यंत चामडं असं आवळलं, की वादीची गाठसुद्धा आत रुतून बसली. अ‍ॅलिस्टरने पट्टा खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. एफी शुक्रवारी यायच्या होत्या.

"काढ ते!" नोला कुजबुजली.

"चामडं निघत नाहीये!"

त्याने पट्टा सोडवून खिशात कोंबला. नोलाने चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घातलेली लोकरी टोपी ओढून दस्त्यावर चढवली.

एफी आत आल्या, त्यांनी हातमोजे काढले आणि टेबलाकडे पाहिलं.

"बंदुकीला टोपी कशाला?"

"थंडी केवढी पडलीय, आई," नोला म्हणाली. "लाकडाला बाधते."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावईबापू, एवढी काळजी माझ्या नवऱ्याने माझीही कधी घेतली नाही. पण ही टोपी सैल आहे. मीच नवी विणून देते. थांब, माप घेते."

"नको, आई! राहू द्या!" असं तो म्हणेपर्यंत टोपी निघालीसुद्धा.

"हे काय?"

"भोक नाही पाडलं! शपथ!"

"काढ."

अ‍ॅलिस्टरने नळ्या धरल्या, नोलाने चामडं धरलं आणि दोघांनी ओढलं. नोला बटाट्यांवर जाऊन पडली. शेवटी एफींनीच विणकामाच्या पिशवीतून कात्री काढून वादी कराकरा कापली. चामडं सुटलं आणि त्याला चिकटून तपकिरी मेणाचे दोन गोळेही बाहेर आले. दस्त्याच्या खालच्या अंगाला दोन गोल भोकं दिसू लागली.

"अ‍ॅलिस्टर!" नोला ओरडली.

"मी नाही! देवाशपथ मी नाही!" त्याला इन्व्हरकार्गिलचा रस्ता दिसू लागला.

एफी मात्र टेबलावर वाकल्या. त्यांनी मेणाचा एक गोळा उचलला, नाकाशी नेला आणि त्या हळूहळू लाल झाल्या.

"बुटाचं पॉलिश घातलं होतं त्यात," त्या म्हणाल्या. "रंग जुळायला."

"म्हणजे?"

"सतरा वर्षांची होते. वडील म्हणायचे, पोरींनी बंदुकीला शिवायचं नाही. ते रविवारी चर्चचं टाळं उघडायला लवकर जायचे, तेवढ्यात मी तळ्यावर जाऊन यायचे. सायकलवर बंदूक न्यायला पट्टा नको? म्हणून भोकं मीच पाडली. बदकं शेजाऱ्याने पाठवली असं सांगायचे. वडील दर आठवड्याला त्या शेजाऱ्याचे आभार मानायचे. तो बिचारा बहिरा होता."

"आणि आम्हाला इतकी वर्षं..." नोला म्हणाली.

"कुणी गिरमिट घेऊन तिथे बघू नये म्हणून!"

अ‍ॅलिस्टरने सुटकेचा निःश्वास टाकला. "मग आई, भोकं आहेतच, तर कड्या बसवू का?"

"बसव." एफींनी पर्समधून शिकारीचा परवाना काढून टेबलावर ठेवला. चालू सालचा. "पण पट्टा आखूड ठेव. माझ्या खांद्याच्या मापाने."

शनिवारी पहाटे सासूबाई पुढे होत्या. मागून जावईबापू त्यांचं घडीचं स्टूल घेऊन कुंपणं ओलांडत होते.