अप्पांची खळ

खर्र, खर्र. नायगावच्या त्या खोलीत दुपारी तेवढाच आवाज होता, पातेल्यात चमचा फिरल्याचा. लेकीला, बकुळला, थोपटता थोपटता शैलाचा डोळा लागला होता, तो उघडला. सासरे, सीतारामअप्पा, गॅसपाशी उभे होते.

"अप्पा, भूक लागली?"

"भूक नाय. खळ शिजवतंय."

संपात मिल गेली, पण सायझिंग खात्यात सुताला खळ लावणारा माणूस काही अप्पांच्यातून गेला नव्हता.

अप्पांचं भांडण टीव्हीशी होतं. खाली बातम्यांची पट्टी धावायची, वर घड्याळ, आणि मधेच पुढच्या मालिकेतली कोणी सून कोपऱ्यातून उगवून नमस्कार करून जायची. "माणसान बघूचा काय?" अप्पा करवादायचे. आणि आज तर टीव्हीवर खुद्द सासूबाई, गुणवंती, तिसऱ्यांचं सुकं करून दाखवणार होत्या. त्या शेजारी कमलला बोलवायला गेल्या आणि अप्पांनी टीव्हीच्या काचेच्या खालच्या कडेला वर्तमानपत्राची रुंद पट्टी खळीने चिकटवून टाकली.

"आज त्या पट्टीकडे कोणी बघूचा नाय," ते म्हणाले. "फक्त तिच्याकडे."

शैलाला हसू आलं, आणि जरा गलबलूनही आलं.

कार्यक्रम सुरू झाला. सासूबाई झळकल्या. शूटिंगचीच साडी नेसून त्या समोरही बसल्या होत्या. कढई मात्र कागदाखाली गेली.

"अप्पा, वहिनी हवेत काय ढवळतायत?" कमल खिदळली.

"कढई जाऊं दे!" सासूबाई ताडकन उठल्या. "अवो, नाव खालीच येतला! माझा नाव!"

सकाळपासून त्यांचा जीव कशात अडकला होता ते शैलाला आता कळलं. ती ओलं फडकं घेऊन धावली. कागद हलेना.

"अप्पा, खळ आहे की सिमेंट?"

"सायझिंगची खळ ती," अप्पा घाबरत, पण अभिमानाने म्हणाले. "मिल सुटली, खळ सुटाची नाय." आणि उलथनं घेऊन स्वतःच खरवडायला लागले.

दुसरीतली बकुळ काचेला नाक लावून बसली होती. कागदाचा एक टवका निघाला. तिने वाचलं, "द... म... यं... ती."

"चुकवल्यानी मेल्यांनी!" अप्पा गरजले. "फोन लाव गो शैला!"

"चुकूक नाय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मीच सांगितलंय. बापाशीन ठेवलेला नाव."

अप्पांचा हात थांबला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'गुणवंती' त्यांनीच लिहिलं होतं. तांदूळ तेव्हाच कोणीतरी सारखे केले. नाव मात्र इतकी वर्षं चिकटून राहिलं होतं.

टीव्हीवर नाव गेलं, जाहिरात आली. अप्पांनी उलथनं ठेवलं, खळीचं पातेलं बाजूला सारलं आणि चहाचं आधण चढवलं.

"दमयंती," ते पाठमोरेच म्हणाले, "साखर किती घालू?"

"एवढ्या वर्षांत तां पण ठाऊक नाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून हसल्या.

शैला खाली वाकून उरलेला कागद नखाने खरवडत राहिली. बकुळ तिच्या खांद्याशी आली.

"आई, तू आधी कोण होतीस?"