खंडेरावांचा अमेरिकन उखाणा

पंगत बसून बराच वेळ झाला होता, पण एकाचाही हात ताटाला लागत नव्हता. नवरदेवानं नाव घेऊन नवरीला घास भरवल्याशिवाय वऱ्हाडानं जेवायचं नाही, असा रिवाज. आणि नवरदेव खंडेराव डोळे मिटून बसले होते. पंचवटीतल्या कार्यालयाचा पत्रा मे महिन्याच्या उन्हानं तापला होता. मठ्ठा कोमट होत चालला होता. पण मेथीच्या भाजीवर यमक जुळवून मोकळं होणाऱ्यांतले खंडेराव नव्हते.

ते नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कवयित्रीचं पुस्तक त्यांना रद्दीत सापडलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नसे. तिच्या दोन ओळी त्यांनी खास आजच्यासाठी मराठीत आणल्या होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे खंडेराव तत्त्वाचे. साखरपुड्यात उभं राहून त्यांनी भाषणच ठोकलं होतं, "सासरकडून मला सुताचा दोरासुद्धा नको!" देवळ्याचे सासरे, पुंजाबाबा, ते ऐकून गहिवरले होते. शाळेच्या हेडसरांनी तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला त्यांचं उदाहरण दिलं होतं. तेच हेडसर आता समोरच्या पाटावर भाताकडे बघत बसले होते.

खंडेरावांनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि भरल्या आवाजात म्हणाले,

"मागणं होतं एवढंसंच, तेही राहून गेलं,
दाराशी बसल्या बसल्या ऊन उतरून गेलं,
सिंधूचं नाव घ्यायला मन आतुर झालं!"

टाळ्या पडल्या नाहीत. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले.

"बघा!" सायखेड्याच्या लंकाआत्या उसळल्या. भाच्याच्या त्या भाषणानंतर त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. "शेवटी पोरानं बोलून दाखवलं. लय दिवस मनात दाबून ठेवलं व्हतं बिचाऱ्यानं!"

पुंजाबाबा वाढपी सोडून धावत आले. लग्नाच्या पंगतीत जावई रुसतो आणि अंगठी-घड्याळ कबूल झालं की हसतो, हे त्यांना तीन मुली उजवून चांगलं ठाऊक होतं. हा चौथा जावई रुसणार नाही असं वाटलं होतं, तर यानं कवितेतून रुसून दाखवलं.

"जावईबापूले काय पाहिजे शे?" त्यांनी हात जोडले. "मोकळं बोला."

"अहो, काही नको! या ओळी माझ्या नाहीत. अमेरिकेतल्या एका बाईच्या आहेत."

"कोण बाई?" लंकाआत्यांनी कपाळाला हात लावला.

"ती वारली, आत्या. कधीच वारली."

"मेलेल्या बाईचं गाऱ्हाणं लग्नाच्या पंगतीत?"

पुंजाबाबा मात्र मुद्द्याला धरून होते. "बरं, त्या बाईनं काय मागितलं व्हतं?"

इथं खंडेरावांतला मास्तर जागा झाला. "ते तिनं कुठंच सांगितलं नाही. वाचणाऱ्यानं ओळखायचं. तीच तर त्या ओळींतली गंमत आहे!"

"म्हंजी आम्ही ओळखायचं," पुंजाबाबा मान हलवत म्हणाले. त्यांना सगळा उलगडा झाला होता. "घड्याळ?"

"नको हो."

"रेडिओ?"

"नको म्हटलं ना!"

"सायकल?"

रुसलेल्या नवरदेवाच्या 'नको'चा अर्थ 'एवढ्यावर भागणार नाही' असा असतो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खंडेराव जितक्या कळकळीनं नकार देत, तितका सासऱ्यांचा घाम वाढत होता. हेडसरांनी भातावरची नजर काढून खंडेरावांवर रोखली. सुट्टी संपल्यावर शाळेत तोंड कसं दाखवायचं, ते खंडेरावांना कळेना. म्हणून त्यांनी बोलणंच बंद केलं, आणि ते सर्वांत महागात पडलं.

"आता तर पक्का रुसला!" लंकाआत्यांनी जाहीर केलं.

पुंजाबाबांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि कांद्याच्या अख्ख्या चाळीवर पाणी सोडल्यासारखं म्हणाले, "फटफटी देतो. पण घास भरवा."

खंडेरावांना ते सहन झालं नाही. आपल्या तत्त्वांची अशी जाहीर माती झालेली बघून ते संतापानं उठले. भरल्या ताटावरून नवरदेव उठला म्हटल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. मात्र त्यांच्या उपरण्याची गाठ सिंधूच्या शालूला बांधलेली होती. तिनं ती एवढ्या जोरात ओढली की खंडेराव होते तिथंच धपकन खाली आले.

"आता माझी पाळी," सिंधू म्हणाली. सकाळपासून खाली घातलेली मान तिनं पहिल्यांदाच वर केली.

"ओठावर नाही आलं, ते मनात राहिलं होतं,
खंडेरावांनी ओळखलं, मला शिलाई मशीन हवं होतं!"

पुंजाबाबा बघतच राहिले. थोरल्या तिघींना त्यांनी मशीन दिलं होतं. सिंधूलाही कबूल केलं होतं. पण साखरपुड्यातलं ते भाषण ऐकून आल्यावर, जावयालाच काही नको तर कशाला, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता, आणि पोरगी काही बोलली नव्हती. त्यांना वाईट वाटलं. फटफटी वाचली याचा आनंद त्याहून थोडा जास्त वाटला.

"उद्याच घेतो, बाई, उद्याच!" ते ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "स्वतःसाठी न मागता बायकोसाठी बोलला, याला म्हणतात माणूस," असं हेडसर शेजाऱ्याला सांगू लागले. लंकाआत्यांनी फटफटी हुकली म्हणून पुन्हा कपाळाला हात लावला.

त्या गोंधळात सिंधू हळूच खंडेरावांकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "मी कुणालाच बोलले नव्हते हो. आईलासुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?"

खंडेरावांना काहीच कळलं नव्हतं. साखरपुड्यापासूनच्या दोन महिन्यांत तिला काय हवं असेल, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. उलट तिचं मशीन त्यांच्याच भाषणानं गेलं होतं. हे आत्ताच्या आत्ता कबूल करावं, असं त्यांचं तत्त्व सांगत होतं. त्यांनी त्यासाठी तोंड उघडलंसुद्धा.

"बायकोच्या मनातलं नवऱ्याला नाही तर कुणाला कळणार?" तत्त्वाचा माणूस म्हणाला, आणि त्यानं जिलबीचा घास पुढे केला.