काळी पट्टी, नग एक

हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे तेवीस वर्षं बसलेल्या कारकुनाला मोकळं सोडू नये, हे स्पर्धेच्या आयोजकांना कोण सांगणार? दिव्यांग खेळाडूंच्या मदतनिधीसाठी तळ्याकाठी दमछाक करणारी स्पर्धा भरली होती. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी धावायचं. कारकुनाची बायको त्यात उतरली, म्हणून तोही स्वयंसेवक झाला आणि घरून रजिस्टर नि कुलपाची पेटी घेऊन आला.

बायकोचा डावा पाय नऊ वर्षांपूर्वी अपघातात गुडघ्याखाली गेला होता. "धावायचं तेवढं चालत जा हं," तो म्हणाला होता. ती नुसतं "बघू" म्हणाली. एका संस्थेने तिला धावण्यासाठी वेगळा पाय दिला होता, तो तिने तीन महिने सरावाच्या मैदानावरच दडवून ठेवला होता. आज नवऱ्याला धावून दाखवायचं, तेही अकराच्या आत. अकरानंतर येणारा बाद.

ती सायकलवर असताना कारकुनाला एका खुर्चीखाली काहीतरी दिसलं. बेवारस वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. काळी, विळ्यासारखी वाकलेली पट्टी, वर खोलगट वाटी.

"काय असेल हो?" पाणी वाटणाऱ्या मावशींनी विचारलं.

"नावेचा भाग असावा."

"नाव कुठाय इथं? झाडांना पाणी घालायचं असेल."

त्याने पट्टी जमिनीवर टेकवून दाबली. ती टुणकन उसळून त्याच्या हनुवटीला लागली. कोडं आणखीच वाढलं. शेवटी 'काळी पट्टी, नग एक' अशी नोंद करून त्याने ती पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

सव्वादहाला बायको सायकलवरून उतरली. खुर्चीखाली वाकून पाहते तर काय, जागा रिकामी! मावशींनी कारकुनाच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"अहो, माझा पाय कुठाय?"

त्याने वाकून पाहिलं. "लावलाय की!"

"धावायचा!"

"धावायचा वेगळा असतो?" त्याची नजर हळूच पेटीकडे गेली. "रंग?"

"काळा. आणि आत्ता द्या!"

"देतो गं. पण नातेवाइकाला वस्तू देताना साक्षीदार लागतो."

"मी आहे ना मेली इथं!" मावशी म्हणाल्या.

"बरं. वस्तू तुमचीच, याला पुरावा?"

नवरा 'तुम्ही' म्हणाला तेव्हाच तिने ओळखलं, हा आता ड्यूटीवर आहे. ती खाली बसली, रोजचा पाय काढला आणि बुटासकट रजिस्टरवर ठेवला.

"हा घ्या. याचा भाऊ तुमच्या पेटीत आहे."

कुलूप उघडलं. पट्टी पायाला बसली आणि बघता बघता बायको निघालीसुद्धा. चालत नाही, धावत! कारकून आ वासून बघतच राहिला.

"अगं, सही!"

रजिस्टर काखोटीला मारून तो मागे पळाला. तळ्याला अख्खा वळसा पडला, पण ती काही हाताला लागली नाही. तिने रेघ ओलांडली तेव्हा अकराला तीन मिनिटं होती. तो पोचला अकरा वाजून बारा मिनिटांनी.

"काका, तुम्ही बाद," दोरी गुंडाळणारा म्हणाला.

कारकून गवतावर आडवा झाला.

"पाहिलंत ना?" बायकोने विचारलं.

"अर्धंच," तो धापा टाकत म्हणाला. "सगळा वेळ पाठच दिसली. पळताना तुझा चेहरा कसा होतो, ते राहिलंच."

तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं, सही ठोकली.

"मग पुढच्या वेळी माझ्या पुढे पळा."