खिचडी शिजेपर्यंत मरायचं नाही

नवनीत सरांचं नाटक मध्यंतरानंतर पाहिलेला माणूस गावात औषधालाही सापडला नसता. मध्यंतरापर्यंत पाहिलेले मात्र पुष्कळ होते आणि ते सगळे भले लोक होते. चहाला म्हणून उठायचे, ते दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्यावर “वा सर, काय नाटक!” म्हणायचे. सगळ्यात आधी उठायचे ते दोधू आबा, मिरचीचे जुने व्यापारी. पहिल्या रांगेत बसायचे आणि पहिल्या घंटेला चपला शोधायचे.

सर शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी एक नाटक लिहीत, स्वतःच बसवत आणि शेवटी त्यात स्वतःच मरत. मरण मध्यंतरानंतर येत असल्यामुळे ते अजून कोणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं, ही त्यांची जन्माची खंत होती.

अशात नगरपालिकेनं नवं नाट्यगृह बांधलं आणि जाहीर केलं की बिननफ्याच्या कलासंस्थांना महिन्यातला एक रविवार हे नाट्यगृह फुकट मिळेल. तिकीट लावायचं नाही, आत खाण्याचा एक दाणाही न्यायचा नाही आणि पहिल्या प्रयोगाला हॉल भरून दाखवायचा. भरून म्हणजे मध्यंतरानंतरही. या शेवटच्या अटीला कारण होतं. आधीच्या एका मंडळानं शाळेची पोरं आणून बसवली, नारळ फोडला, फोटो काढला आणि पोरांसकट सगळे भेळ खायला निघून गेले. तेव्हापासून नाट्यगृहाचे व्यवस्थापक दिलवरसिंग दुसऱ्या अंकात स्वतः मोबाइलवर हॉलचा फोटो काढून नगरपालिकेच्या साहेबांना पाठवायचे. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की तो रविवार लग्नवाल्यांना.

सरांच्या मंडळाची नाटकं आजवर सरकीच्या गोदामात होत आली होती. पडदा म्हणून मंडपवाल्या अन्वरची ताडपत्री लावायची, ती ओढताना तिच्यातून कधी कधी मागच्या लग्नातले फुगे पडायचे. आता खरा मखमली पडदा मिळणार म्हटल्यावर सरांची झोप उडाली. मध्यंतराची अट वाचल्यावर भूकही उडाली.

“माय, रविवारले लोके बलावना पडतीन,” सर आईला म्हणाले. मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या आणि सर आरशासमोर उभे राहून मरत होते.

“मंग बलावसु ना. शेजारनी धनुबाईले संगे लई जासु, दार दार कुकू लावसु. घरटी एक सांगू का?”

“एक काब? सगया येवाले पाहिजेत. पोरेसोरे, म्हातारा-कोतारा, कोनी घर ऱ्हावाले नको!”

“म्हनजे चूलबंद?”

सर त्या क्षणी छातीवर हात ठेवून खाली कोसळण्याच्या बेतात होते. “हां हां, चूलबंद,” ते म्हणाले आणि कोसळले.

आता चूलबंद आवतन म्हणजे काय, हे या मुलखात शेंबड्या पोरालाही समजतं. ज्या घराला ते मिळालं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. लहानथोर सगळ्यांनी यजमानाकडे जेवायचं, आणि न जेवता परतायचं नाही, तो यजमानाचा अपमान. सरांनाही हे पाठ होतं. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला काय काय आठवणार?

मंगलाबाईंना पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. अन्वर मुलाच्या मंडळात होता, त्याचा धंदाच मंडपाचा, भांड्यांचा आणि पंगतीचा. शिवाय शनिवारी अन्वरच्या टेम्पोतून दोन सगळ्यात मोठ्या देगा भर बाजारातून नाट्यगृहाकडे गेल्या. त्या गडगडाटासाठी होत्या. नाटकाच्या शेवटी तापीवर वादळ होतं आणि म्हातारा नावाडी मरतो. देग पालथी घालून तिच्यावर मुसळ हाणलं की वीज पडल्यासारखा आवाज यायचा. पण हे बाजारपेठेला कोण सांगणार? बाजारपेठेनं देगांचा आकार पाहिला आणि निष्कर्ष काढला की वरण-बट्टी नाही, खिचडी आहे.

रविवारी संध्याकाळी हॉल असा भरला की दिलवरसिंगांना पायऱ्यांवर लोक बसवावे लागले. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, पोरं पावडर लावून आली, प्रकाशा गावाकडची काही मंडळी तर रिक्षा करून आली. सरांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि फट आणखी मोठी केली.

“चेतना, देख. गाव सुधरनं,” ते बायकोला म्हणाले. चेतना नाटकात त्यांची मुलगी व्हायची, कारण मंडळात दुसरी बाई तयार होत नव्हती.

“माले काही तरी गडबड वाटी ऱ्हायनी,” चेतना म्हणाली. तिचा नवऱ्यावर जीव होता, पण त्याच्या नाटकावर विश्वास नव्हता.

पहिला अंक टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत पार पडला. मध्यंतराची घंटा झाली. दोधू आबासुद्धा उठले नाहीत! जेवणाच्या तोंडावर चहा घेऊन भूक कोण मारणार? पण सरांना हे कुठं ठाऊक? ते विंगेत अन्वरच्या गळ्यातच पडले.

तेवढ्यात अन्वरची बायको शहाबानो हॉलमधून धावत आली. मंडळाचे कपडे आणि रंगरंगोटी ती सांभाळायची.

“सर, धनुबाई विचारी ऱ्हायनी, पंगत हॉलमा बसनार का बाहेर?”

“कसानी पंगत?”

“मी बी तेच म्हनं. ते ती माले म्हने, चूलबंद आवतन देल्हं ना तुम्ही! सकायपाशी कोनाच घर चूल पेटेल नै. पोरे भुकेजी गयात.”

सरांनी खाली बसायला खुर्ची शोधली. मंगलाबाईंना बोलावणं गेलं. त्या नव्या लुगड्यात, मानकऱ्याच्या थाटात आल्या.

“माय, तू चूलबंद सांगं?”

“तूच ते म्हने, हां हां, चूलबंद!”

“मी मरी ऱ्हायंतू तवय!”

“ते माले काय माहीत? तू रोजच मरस.”

सरांनी डोकं धरलं. “मी पडदासमोर जास आनि हात जोडीसन माफी मागस.”

“मागा,” चेतना म्हणाली. “लोके घर जातीन, दिलवरभाऊ रिकाम्या खुर्च्यास्ना फोटो काढतीन, आनि आपुन परत सरकीना गोदाममा.”

“आनि मन्हं नाक?” मंगलाबाईंचा आवाज चढला. “कुकू लाईसन बलावं आनि भुके वाटे लावं, आसं गावमा कोनी करं नै. मी आते कोना दारशी उभी ऱ्हासु?”

सगळ्यांनी अन्वरकडे पाहिलं. अन्वर कमी बोलणारा माणूस. हजार माणसांची पंगत ऐनवेळी दोन हजारांची झालेली त्यानं पाहिली होती.

“उद्या प्रकाशा गावनं लगीन शे, त्यानं सामान टेम्पोमा शे,” तो म्हणाला. “रातले दुसरं भरी लिसु. मांगला मैदानमा चूल मांडस, दोन्ही देगा लई जास, खिचडी टाकस. पन टाइम लागी, सर. तवलोंग तुम्ही लोकेस्ले बठाडी ठेवा.”

“म्हनजे किती येळ?”

“मी विंगमा येईसन झारा दाखाडसु. झारा दिखना की मरजात. खिचडी शिजत नै तवलोंग मरानं नै.”

“आनि देगा तू लई गया ते गडगडाट?”

अन्वरनं सरांकडे शांतपणे पाहिलं. “सर, गडगडाट आते लोकेस्ना पोटमा शे.”

पडदा पुन्हा उघडला. मूळ नाटकात नावाड्याला मरायला फार तर चहा गार व्हायला लागतो तेवढा वेळ लागायचा. चेतनानं दरवर्षीसारखी कात्री लावून त्याचं स्वगत तेवढ्यावर आणलं होतं. आज तीच खाटेजवळ वाकून कुजबुजली, “कापेल व्हतं ते बी म्हना.”

लेखकाला यापेक्षा मोठं सुख नाही. सरांनी उशीवर डोकं टेकलं आणि सुरुवात केली. “हे सूर्यकन्ये तापीमाई, तुझ्या अथांग जलौघात मी माझ्या आयुष्याचं तारू लोटलं...” जलौघ झाला, तारू झालं, क्षितिज झालं, कापलेली सगळी विशेषणं झाली. लोक हूं की चूं न करता ऐकत होते. सरांनी तिरक्या नजरेनं विंगेत पाहिलं. तिथं शहाबानोनं हातानं खूण केली की पाणी नुकतंच उकळायला लागलंय.

स्वगत संपलं. शब्द संपले. सर डोळे मिटून पडले, मग आठवण झाली की मरायचं नाहीये, म्हणून पुन्हा उघडले.

“बा, पानी पेस का?” चेतना आपल्या मनानं म्हणाली. हे वाक्य नाटकात नव्हतं.

सरांनी पाणी घेतलं, जमेल तितकं हळूहळू प्यायले. आता काय बोलायचं? पुस्तकी मराठी सगळी खर्चून झाली होती. तोंडात उरली होती ती घरची बोली.

“पोरी,” ते म्हणाले, “मन्ही नाव पालथी घाली ठेवजो. पानी भरायनं ते लाकूड सडस.”

“हां, बा.”

“पलीकडली म्हातारीले बाजारना दिन उतारी लेजो. तिले दिखस कमी. हात धरना पडस.”

“हां, बा.”

“आनि कुत्राले भाकर टाकजो. मी जाई ऱ्हायनू, ते त्याले माहीत नै. तो वाट देखत बशी.”

चेतनानं त्यांच्या अंगावरची चादर वर ओढली. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं. सरांना स्वतःलाच कळत नव्हतं की हे कुठून येतंय. ते बोलत राहिले, कोणाचा बैल कसा आजारी आहे, घाटाची कोणती पायरी हलते, कोणाच्या पोरीचं लग्न राहिलंय. मध्येच विंगेकडे पाहत. झारा दिसत नव्हता.

आणि त्याच वेळी मागच्या मैदानात अन्वरनं शिजत आलेल्या खिचडीसाठी वरची फोडणी केली. घाईत हात सैल सुटला आणि वाळक्या मिरच्यांची आख्खी परातच तेलात गेली. मैदानापुरतं हे ठीक होतं. पण हॉल थंड राहावा म्हणून मागच्या खिडक्यांना मोठमोठे कूलर बसवलेले होते आणि त्यांचं काम बाहेरची हवा आत ओढायचं. त्यांनी ते चोख केलं. मिरचीचा धूर मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत पसरला. लोक खोकले, शिंकले, पदर आणि रुमाल डोळ्यांना लागले. पण उठलं कोणीच नाही, कारण फोडणी पडली म्हणजे पंगत जवळ आली, हे सगळ्यांना कळलं होतं. नेमके तेव्हा दिलवरसिंग मोबाइल घेऊन आले, पाणावल्या डोळ्यांनी फोटो काढला आणि साहेबांना पाठवला.

विंगेत झारा चमकला. सरांनी एक उचकी दिली आणि ते इतक्या मनापासून मेले की चेतनानं घाबरून त्यांना चिमटा काढला.

पंगत मागच्या मैदानात, नाट्यगृहाच्या आवाराबाहेर बसली. खिचडी थोडी करपली होती, तिखट तर भलतंच होतं, पण भुकेल्या गावानं देगा घासून पुसून रिकाम्या केल्या. मंगलाबाई प्रत्येक पानाशी जाऊन आग्रह करत होत्या आणि सगळं आधीपासून ठरल्यासारखं मिरवत होत्या. दिलवरसिंगही पानावर बसले. नियम हॉलच्या आतला होता.

जेवता जेवता त्यांचा फोन वाजला. फोन ठेवून ते सरांकडे आले.

“सर, साहेबांचा होता. म्हणाले, एवढा हॉल रडताना मी जन्मात पाहिला नाही. वर्षभराचे रविवार तुमचे.”

मंडळानं जल्लोष केला. अन्वरनं झारा हवेत फिरवला, शहाबानोनं चेतनाला मिठी मारली. सर हसले खरे, पण पत्रावळ घेऊन बाजूच्या पायरीवर जाऊन बसले. रविवार मिळाले होते, आनंद होता. पण आपण जन्मात पहिल्यांदा मध्यंतरानंतर मेलो आणि लोक रडले ते मिरचीनं, हा काटा त्यांना सलत होता.

दोधू आबा हात धुऊन उपरण्यानं डोळे पुसत त्यांच्याशेजारी येऊन बसले.

“आबा, माफ करा,” सर म्हणाले. “फोडनी जास्तच व्हयी गई. तुमना डोयामा बी गई ना?”

“मन्हा डोयामा?” आबांनी उपरणं खाली घेतलं. “अरे, सारी जिंदगी मन्ही मिरचीना पथारीवर गई. मिरचीना धूरमा मन्हा डोयाले पानी येत नै.”

सरांच्या हातातला घास हातातच राहिला.

“ते कुत्रानं म्हने ना तू,” आबा म्हणाले, “भाकर टाकजो म्हनीसन... तुन्हा बाप जातांना माले तेच सांगी गयथा. मी टाकत व्हतू, रोज टाकत व्हतू. तरी त्याना कुत्रा वाट देखे.” त्यांनी पुन्हा डोळे पुसले. “आज तू नै, तोच मरना मन्हासमोर.”

सरांनी पत्रावळ खाली ठेवली. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गुडघे धरत उठले. चार पावलं जाऊन थांबले.

“पुढला महिनाले येसु मी. शेवटलोंग बठसु. पन एक कर, पोरा.”

“काय, आबा?”

“जरासा बिगीन मरजो. कितली भूक लागनी व्हती!”