मान हलवण्याची पदवी

कोणतीही परकी भाषा शिकण्यातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे ती भाषा. आमच्या विद्यापीठाच्या जपानी भाषा, साहित्य व संस्कृती विभागाने हा अडथळा बऱ्याच अंशी दूर केला आहे. त्याबद्दल विभागाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. (मी या विभागाचा विद्यार्थी आहे, तेव्हा माझ्या मतावर किती विश्वास ठेवायचा हे वाचकांनी ठरवावं. मी स्वतः फारसा ठेवत नाही.)

माझा प्रवेश रीतसर झाला. चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झाल्यावर मी विद्यापीठात ग्रंथालयाचा रस्ता विचारायला गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "आजोबा, जपानी ना?" मला नाही म्हणायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात माझी मान हलली आणि अर्जावर शिक्का बसला.

"चाळीस वर्षं माझ्यापुढे नंदीबैलासारखी मान हलवलीत," बायको म्हणाली, "आता त्याची पदवी घ्यायला निघालात?"

ते तेव्हा मला लागलं. पुढे अभ्यासक्रमाचा इतका नेमका सारांश मला माहितीपत्रकातही सापडला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही एकतीस जण होतो. जपानीला तीन लिप्या आहेत हे कळल्यावर एकोणीस उरलो. तिसऱ्या लिपीत दोन हजारांवर अक्षरं आहेत हे कळल्यावर अकरा, आणि ही फक्त रोजच्या वापरातली आहेत हे कळल्यावर सात. विभाग चालू राहायला सातच विद्यार्थी लागतात, त्यामुळे आमच्या विभागप्रमुख मॅडमनी त्यानंतर काहीही कळू दिलं नाही. सातांपैकी दोघं एकमेकांसाठी येत, तिघं कार्टूनसाठी, एक पंख्यासाठी (त्या मजल्यावरचा एकमेव चालू पंखा आमच्या खोलीत आहे), आणि मी नाही म्हणता न आल्यामुळे.

साहित्याच्या पेपरात सतरा अक्षरांची कविता लिहायची असते. वेळ तीन तास. पहिली चार मिनिटं लिहायचं आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर उदास नजरेने बघायचं. उदासीला वीस गुण आहेत. संस्कृतीच्या तासाला बूट दाराबाहेर काढावे लागतात. सात विद्यार्थ्यांचे चौदा बूट बाहेर राहतात आणि साधारण अकरा परत मिळतात. अभ्यासक्रमात याला 'अनित्यतेचे प्रात्यक्षिक' म्हटलं आहे.

पण विभागाचा खरा कणा म्हणजे आइझुची. जपानी माणूस बोलत असताना ऐकणाऱ्याने मधूनमधून मान हलवून 'हाय', 'नारुहोदो', 'हेएए' असे हुंकार द्यायचे असतात, नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं की समोरचा गेला. हा शब्द लोहाराच्या भट्टीतून आला आहे. एकाने हातोडा मारला की समोरच्या जोडीदाराने घण मारायचा. लोखंड कशासाठी तापवलंय हे जोडीदाराने विचारायचं नसतं. मॅडमनी पूर्ण वर्ष यावर घालवलं. मी वर्गात पहिला आलो.

दुसऱ्या वर्षी कुलगुरूंचं परिपत्रक निघालं: 'जपानहून येणाऱ्या तपासनीस प्राध्यापकांशी विभागातील किमान एका विद्यार्थ्याने वीस मिनिटे जपानीत संभाषण करून दाखवावे; अन्यथा विभाग बंद करण्यात येईल.' तसं झालं असतं तर मॅडमची बदली परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांना दोरे बांधायला होणार होती.

"काका, तुम्हीच बसा," मॅडम म्हणाल्या. "तिकडे वयाला मान आहे."

"अहो, मला धड एक वाक्य येत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? बोलतील ते. तुम्ही घण मारा."

"आणि प्रश्न विचारला तर?"

"दातांतून लांब श्वास घ्यायचा. अवघड प्रश्नावर तिकडे मोठमोठे लोक तेच करतात."

तपासनीस माझ्याच वयाचे निघाले, आणि माझ्यासारखेच स्वतःच्या मोज्यांकडे बघून बोलणारे. सुरुवातीला ते अडखळले. मी 'हाय' म्हटलं. ते दोन वाक्यं बोलले. मी 'नारुहोदो' म्हटलं. मग जे धरण फुटलं ते सत्तेचाळीस मिनिटं थांबलं नाही. (हाय: बासष्ट. नारुहोदो: एकोणतीस. हेएए: अकरा. लांब श्वास: तीन. ही मोजणी पंखेवाल्याची.) शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि उठून वाकले. मी वाकलो. ते जास्त वाकले. आधी कुणी सरळ व्हायचं हे आमच्या पुस्तकात पुढच्या वर्षाला होतं. वाकल्यापासून अकराव्या मिनिटाला कुलसचिवांनी आम्हा दोघांना कोपराला धरून उभं केलं.

"काय अस्खलित बोलता हो!" कुलगुरू म्हणाले. मी मान हलवली.

मला मात्र जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मॅडमना गाठलं. "मॅडम, ते नेमकं काय बोलत होते?"

मॅडमनी दातांतून लांब श्वास घेतला.

महिन्याभराने अहवाल आला: विभाग पाच वर्षं चालू ठेवावा, सात विद्यार्थ्यांची अट कायम. मॅडमनी वर्गात पेढे वाटावेत तसे नवे खडू वाटले. आणि सहा महिन्यांनी माझ्या नावे एक पत्र आणि मधाची बाटली आली. पत्र लावायला आम्हा सात जणांना, मॅडमना आणि दोन शब्दकोशांना नऊ दिवस लागले. त्यात होतं:

'छत्तीस वर्षं मला नोकरी सोडून मधमाश्या पाळायच्या होत्या. पत्नी, मुलगा, अधिष्ठाता, कुणीही मला वाक्य पुरं करू दिलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. "सोडून देऊ का?" असं मी तुम्हाला तीनदा विचारलं. तीनही वेळा तुम्ही असा काही श्वास घेतलात की मला उत्तर मिळालं. राजीनाम्याआधीची माझी शेवटची सही तुमच्या अहवालावर आहे. बायको माहेरी गेली आहे. मी अत्यंत सुखी आहे.'

एका परक्या माणसाचा संसार मी केवळ श्वासोच्छ्वासाने मोडला! घाबरत घाबरत बाटली घरी नेली. बायकोने बोट बुडवून मध चाखला.

"छान आहे," ती म्हणाली. "त्यांचं शेवटपर्यंत ऐकलंत म्हणे. मग मंगळवारी मी काय सांगितलं ते सांगा बघू."

मी लांब श्वास घेतला. तिने बाटली वरच्या फळीवर ठेवली.

गेल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला आणि आम्ही सहा उरलो. मॅडमनी टेबलाच्या खणात दोरे आणि दाभण आणून ठेवलं आहे. म्हणून वाचकहो, तुम्हाला थोडं सांगायचं आहे. हे वाचताना तुमची मान दोन-तीनदा हलली. जिथे काही कळलं नाही तिथे तुम्ही 'असं होय' म्हणून पुढे सरकलात. जपानीचं एक वाक्यही न शिकता तुम्ही शेवटपर्यंत आलात, आणि नाही तर कुठेच म्हणाला नाहीत. म्हणजे पहिलं वर्ष झालंच की. खिडकीतल्या कारकुनाने तुमच्या अर्जावर शिक्का मारला आहे.

सोमवारी साडेदहाला या. येताना जुने बूट घाला.